उसन्या घागरी

आदल्या दिवशी दुपारपासून गल्लीतली भांडी पदराखाली झाकून छबुबाईच्या परसदारी येत होती. पंचाक्षरी वाण्याच्या घरून दोन तांब्याच्या घागरी आल्या, सिदू धनगराकडून पितळी परात आली, बायनाबाईंचा हंडा आला, अर्जुनरावांकडची ताटं आली. कुणाकडं एकच घागर होती, तिनं ती एकच दिली आणि घरचं पाणी मडक्यानं भरलं. मागायला लागलं नाही. बंकटला मुलगी द्यायची म्हणून धारूरकडचे पाहुणे घर बघायला येणार, एवढं कानावर गेल्यावर बायका आपणहून आल्या.

त्या मुलखात तेव्हा मुलगी द्यायच्या आधी मुलीकडचे येऊन घर बघून जायचे. गोठ्यात डोकवायचे, कणगीवर थाप मारून ती भरलेली आहे की रिकामी ते ऐकायचे, आणि शेवटी ओसरीवर अशा जागी बसायचे, की माजघरातली उतरंड नजरेत यावी. घर पसंत पडलं तर जेवायला बसायचे. नाही पडलं तर काहीतरी निमित्त काढून तसेच उठायचे. बंकटच्या बाबतीत दोन वेळा लोक न जेवता उठले होते. दोन्ही वेळा छबुबाईचा स्वयंपाक गाईपुढं गेला होता. पोराला चोविसावं लागलं होतं.

भांड्यांवर ज्याची त्याची नावं घातलेली होती. छबुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं सकाळी एकेक भांडं बोटांनी चाचपलं आणि जिथं खरखर लागली ती बाजू भिंतीकडं केली. चिंचेनं घासलेल्या तांब्यावर कवाडातून ऊन पडलं, तेव्हा क्षणभर तिला वाटलं, आपलंच घर पुन्हा भरलं. माहेरहून तिनं सात घागरी आणल्या होत्या. मोठ्या दुष्काळाच्या साली त्या एकापाठोपाठ एक कासाराच्या तागडीत गेल्या. त्यानंतरच्या बारा वर्षांत तिला एकच घागर परत घेता आली होती.

"झकास, वैनी," राधाकिशन दारातून म्हणाला. तो तिचा धाकटा दीर, तहसील कचेरीत कारकून. आज गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी घालून तो पहाटेच तट्टावरून आला होता. "आता हितलं काही हालवू नगा. आज लई मोठं काम व्हणार हाय या घराचं."

तिला वाटलं, तो लग्नाचंच बोलतोय.

पाहुणे ऊन चढायच्या आत आले. मुलीचा बाप आप्पाराव पागोटं सावरत, खाकरत बसला. त्याची थोरली बहीण विमलबाई, केस पांढरे झालेली विधवा बाई, पदर कपाळापर्यंत ओढून खांबाला टेकली. पदर खाली असला तरी नजर खाली नव्हती. ती उतरंडीवर वरपासून खालपर्यंत फिरली आणि पुन्हा वर गेली.

छबुबाई माजघराच्या दाराआड उभी राहिली. आत चुलीजवळ पुरणाच्या पोळ्या टोपलीत झाकून ठेवल्या होत्या. तिला धास्ती होती ती नवऱ्याची. सुंदररावांना खोटं बोलता येत नसे. बोलायला गेले की त्यांचे कान लाल व्हायचे.

"हालहवाल कसं हाय तुमच्याकडं?" आप्पारावानं विचारलं.

सुंदररावांच्या आधी राधाकिशन बोलला. "आता काय बघता पाव्हणं. नवे हुजूर गादीवर बसल्यापून मुलूख पार बदलला. जालन्याहून आगगाडी हाय, कापूस कुठल्या कुठं जातोय, सडका झाल्या. रयत सुखी हाय."

"सडका झाल्या हे खरं हाय," सुंदरराव म्हणाले. "दुष्काळात मीच खडी फोडाय गेलतो."

"दादा, ते जुनं झालं."

"जुनं न्हाई झालं. माजा गुडघा आजूक दुखतोय."

आप्पाराव हसला. विमलबाई हसली नाही. "अन कापूस तुमचा किती व्हतो?" तिनं विचारलं.

सुंदररावांचे कान लाल झाले. "आमचं रान बरड हाय," ते म्हणाले. "ज्वारी व्हती."

"तुमच्या रानात कापूस पेरायचाच हाय औंदा," राधाकिशन घाईनं म्हणाला, आणि त्याच वेळी बाहेर घोडं थांबल्याचा आवाज आला.

तहसील कचेरीतले अधिकारी, पेशकार होते. सोबत कागदांचं बासन घेतलेला चपराशी. पाहुणे गडबडून उठले, सुंदररावांनी हात जोडले. एकटा राधाकिशन गडबडला नाही. त्यानं आतून घडीची घोंगडी आणून अंथरली. ती घोंगडी त्यानं सकाळीच झटकून ठेवली होती, हे छबुबाईनं पाहिलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, पाहुण्यांसाठी.

"हुकूम आहे," पेशकार बसता बसता म्हणाले. "रयतेची खुशहाली किती वाढली, त्याची कैफियत हुजुरांकडे जायची आहे. दर गावात एक घर बघायचं. जशी त्या घराची हालत, तशी गावाची. तुमच्या गावाला तीन साल निम्म्या धाऱ्याची, म्हणजे शेतसाऱ्याची, माफी चालू आहे. गरज नसेल तर ती कशाला चालू ठेवायची? राधाकिशननी हे घर सुचवलं." त्यांनी बासनातून एक पिवळा पडलेला कागद काढला. "दुष्काळाच्या साली खैरातीसाठी याच घराची यादी झाली होती. तांब्या एक. घागर नाही. परात नाही. बैल नाही. आता मोज रे."

चपराशानं माजघराच्या उंबऱ्यावर उभं राहून बोट नाचवत मोजलं. "घागरी नऊ. हंडे तीन. पराती चार. ताटं बारा."

"वा," पेशकार म्हणाले. "बारा सालांत एवढी बरकत."

आप्पारावानं मान डोलावली. सरकारी माणसाच्या तोंडून आपण निवडलेल्या घराची तारीफ होतेय, याचं त्याला बरं वाटत होतं. त्यानं मांडी सैल केली. छबुबाईनं ते पाहिलं आणि तिला एकाच वेळी आनंद झाला आणि भीती वाटली.

मागून कुणीतरी तिचा पदर ओढला. पंचाक्षरी वाण्याची नीलाबाई कमरेवर मडकं घेऊन परसदारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"छबुबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या नवातल्या दोन माज्या हायती. माज्याच घागरीनं माजी माफी जाणार का?"

छबुबाईनं दाराआडून हात करून राधाकिशनला परसात बोलावलं. तो आला तोच हसत.

"भावजी, तुमाला ठाव व्हतं."

"काय?"

"साहेब आज येणार ते. तुमीच दिवस सांगितला. घरात भांडी कवा येणार ते इचारून घेतलं अन तोच दिवस सांगितला."

राधाकिशननं शेरवानीची वरची गुंडी काढली आणि परत लावली. "कोणतंतरी घर दाखवायचंच व्हतं, वैनी. साहेबाला वर सुधारलेली घरं दाखवायची हायती. आमच्या कचेरीतल्या समद्यांनी आपापल्या गावातलं चांगलं घर काढलं. मी काय मडकी दाखवू? हे काम नीट झालं तर मला वरची जागा मिळती. घरालाच फायदा हाय."

"कोणाच्या घराला?"

"आपल्या."

"अन नीलाबाईच्या? सिदूच्या? आज सिदूची सून परात दिऊन दगडावर पीठ मळायली. तिच्या रानाचा पुरा धारा तिनं भरायचा, कावून तर तिची परात माज्या घरात चमकली?"

"माफी काय जलमभर राहती का?" राधाकिशनचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "बरं मग, जा. बाहीर जाऊन सांगा. एक घागर आमची, बाकी समदी गल्लीची. पाव्हणे उठतेल. बंकट तिसऱ्यांदा बघंल लोक उठून जाताना. तुमीच भांडी घरात घेतली, मी न्हाई. आता तुमची मर्जी."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. ज्याला तिनं पाच वर्षांचा असल्यापासून भाकरी कुस्करून दिली, त्यानं तिची नड हेरून तिच्यावरच दावं टाकलं होतं.

बंकट गोठ्याच्या भिंतीशी उभा होता. नवा सदरा घालून सकाळपासून तो तिथंच घुटमळत होता. "काका बराबर बोलतेत, माय," तो म्हणाला. "आजच्या दिवस गप बस."

"आजचा दिवस न्हाई रं हा. दरसालचं हाय. समद्या गावाचं."

"मी दुप्पट राबतो. गावाचा धारा मी भरतो, मग तर झालं?" आणि मग तो म्हणाला, "दोनदा झालं, माय. मला आता गल्लीतून जाताना बी नगं वाटतंय."

ती मागं सरली. परसातल्या दगडावर बसली. नीलाबाई मडकं घेऊन उभीच होती. छबुबाईनं मनाशी ठरवलं, की गप्प बसायचं. लेकराचं एवढं एक होऊन जाऊ दे. नंतर गल्लीच्या पाया पडू.

तेवढ्यात ओसरीवर पेशकार लिहिलेलं वाचून दाखवू लागले. आवाज मोठा होता, परसापर्यंत येत होता.

"मी सुंदरराव, सरकारचा रयत, खुशीनं लिहून देतो, की दुष्काळाच्या सालापेक्षा माझी हालत दसपट सुधारली आहे. माझ्या घरात तांबंपितळ भरपूर झालं आहे. मी व माझी माणसं पोटभर खातो. गावातले सर्व लोक असेच सुखात असून माफीची आम्हांला गरज उरलेली नाही."

दुष्काळाच्या सालापेक्षा. छबुबाईला ते साल आठवलं. यादी करायला आलेला कारकून आठवला. दारातच उभा राहून त्यानं लिहिलं होतं, तांब्या एक. त्याच्या यादीत तिच्या सात घागरी नव्हत्या, त्या विकून झाल्या होत्या. बैल नव्हते, ते वैरणीवाचून मेले होते. सासू नव्हती, ती श्रावणात गेली होती. सगळं संपल्यावर जे उरलं होतं, त्याच्याशी हे लोक आजचा दिवस मोजत होते.

ती उठली. बंकट आडवा आला नाही; तो नुसता "माय" म्हणाला. ती माजघरातून गेली, उतरंडीवरची वरची घागर उचलली आणि परपुरुषांसमोर कधी न आलेली ती बाई ओसरीवर येऊन उभी राहिली. घागर तिनं पेशकारांपुढं ठेवली आणि नावाची बाजू त्यांच्याकडं फिरवली.

"वाचा साहेब. मला वाचता येत न्हाई."

"बंकटची माय, आत व्हा," सुंदरराव ओरडले. चपराशानं त्यांच्या अंगठ्याला शाई लावली होती आणि तो हात ते हवेत धरून बसले होते.

"जाते. आदी साहेबाला वाचू द्या."

पेशकारांनी नाइलाजानं वाचलं. "पंचाक्षरी नागप्पा."

"हा वाणी हाय. आमचा कोणी न्हाई." तिनं दुसरी आणली, तिसरी आणली. हंडा आणला तो पायरीवर आपटला आणि घणघणला. "बायनाबाईचा. ही परात सिदूची. ताटं अर्जुनरावची. बुडाची घागर तेवढी माजी, तिच्यावर नाव न्हाई. घालायला पैसे पुरले न्हाईत. पाव्हणं, तुमाला फसवायलोत आमी, ते माजं पाप. पर या कागदात समदं गाव नगा घालू."

आप्पाराव उभा राहिला. राधाकिशन तिच्याकडं न बघता पेशकारांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. पेशकारांचा चेहरा आधी तापला, मग थंड झाला. नोकरीत मुरलेला माणूस होता.

"ठीक," ते म्हणाले. "भांडी या घराची नाहीत. गावाची तर आहेत ना? एका हाकेत आठ घागरी जमतात, ते गाव खुशहाल नाही तर काय? लिहिलं आहे ते बरोबरच आहे."

छबुबाईला आधी कळेचना, की माणूस असं बोलू शकतो. मग तिचा आवाज खाली आला. तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं, की तिचा राग शिगेला पोचला म्हणजे असं होतं.

"मग चला साहेब. ज्यांच्या घरून आल्या त्या घरात आत्ता जाऊ. पाणी कशात भरलंय ते बघा. ती बघा परसदारात नीलाबाई, वाण्याची बायको हाय, कमरेवर मडकं हाय तिच्या."

पेशकारांनी अंगणातल्या उन्हाकडं पाहिलं. "आम्हाला एकच घर बघायचा हुकूम आहे."

"मग दुष्काळाच्या आदल्या साली हुकूम कावून न्हवता? तवा याच घरात सात घागरी व्हत्या माज्या. चार बैल व्हते. त्या सालाशी मोजा की. तवा सात अन आता एक. लिवा, किती पट सुधारलं ते."

चपराशी शाईच्या दौतीकडं बघत राहिला.

"राधाकिशन," पेशकार म्हणाले, "तुमच्या घरातल्या बायका फार बोलतात." आणि सुंदररावांपुढं कागद सरकवला. "अंगठा दे."

सुंदररावांनी बायकोकडं पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण एवढ्या रागानं त्यांनी तिच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आता देणार. निदान तिची खोड मोडायला तरी देणार.

"साहेब, हिचं चुकलं," ते म्हणाले. "बाईमाणसानं असं म्होरं येऊ न्हाई."

"बरोबर."

"पर मोजण्यात न्हाई चुकली ती." आणि त्यांनी अंगठ्याची शाई धोतराला पुसली. पांढऱ्या धोतरावर काळा पट्टा उठला. तो बघून ते दचकले. "हे धोतर बी अर्जुनरावचं हाय," ते पेशकारांना म्हणाले. "हे बी लिवा."

पेशकार उठले. रागावून बोलण्याची त्यांना गरज नव्हती. "दुसऱ्या गावात अंगठे पुष्कळ आहेत. तुमच्या माफीचं काय होतं ते वरून कळेल." एवढं बोलून ते घोड्याकडं गेले.

राधाकिशन मात्र थांबला. "दादा, बारा साल कचेरीत मान खाली घालून बसलो मी. आज एक पायरी चढणार व्हतो. तुमी नवराबायकोनं मिळून पाय वढला माजा. माजा वाटा येगळा काढा. आता मी हितं पाणी बी पिणार न्हाई."

"भावजी," छबुबाई म्हणाली.

"तुमी बोलू नगा."

"बोलणार. पायरी चढायची तर सोताच्या पायानं चढायची व्हती. गावाच्या पाठीवर पाय दिऊन न्हाई."

तो गेला. सुंदररावांनी त्याला हाक मारली नाही, पण तट्टाच्या टापा ऐकू येईनाशा होईपर्यंत ते तिकडंच तोंड करून उभे होते.

बायका आपापली भांडी न्यायला आल्या. नेहमी असं नेताना हसणं-बोलणं व्हायचं. आज नुसता भांड्यांचा आवाज होत होता. नीलाबाईनं दोन्ही घागरी उचलल्या आणि जाताना छबुबाईच्या दंडाला नुसता हात लावला. बंकटनं बायनाबाईंचा जड हंडा खांद्यावर घेतला, वर अर्जुनरावांची ताटं घेतली आणि मान खाली घालून गल्लीत गेला. मघाशी ज्या माजघरात डोळे दिपत होते, तिथं आता एक घागर, चार मडकी आणि भिंतीवरचे गोल डाग राहिले.

आप्पाराव पायताण शोधत होता. "बोलावून चांगली थट्टा केली आमची. सरकारी माणसाम्होरं तमाशा. चल आक्का, दिवस कलायच्या आत घाट उतरू."

विमलबाई खांबाला टेकलेली होती, तशीच राहिली. "आप्पा, बस खाली."

"आता कशाला बसायचं हितं?"

"तुज्या घरी मोठी परात हाय, तिच्या काठावर कोणाचं नाव हाय रं? मागल्या साली थोरलीच्या सासरचे येणार व्हते तवा आणलेली. आजूक दिली न्हाईस परत. सांगू का पाव्हण्यायला?"

आप्पारावाचा एक पाय पायताणात, एक बाहेर. "आक्का, तू बी ना," तो म्हणाला.

विमलबाई छबुबाईकडं वळली. तिचा चेहराही रागानं तांबारला होता; तो राग कुणावरचा ते कळत नव्हतं. कदाचित पेशकारावरचा असेल, कदाचित त्या सबंध बारा सालांवरचा. "आमच्याकडं बी आलता असाच एक," ती म्हणाली. "आमच्या लोकांनी दिला अंगठा. धा माणसं बसली व्हती, एकाच्या तोंडून शब्द निघाला न्हाई. मी बी गपच बसले." मग तिनं विचारलं, "ताटं गेली का समदी?"

"गेली."

"मग पानावर वाढा. पळसाची पानं तर कोणाला परत द्यायची न्हाईत ना?"

तिनं पाय पोटाशी घेतले, पदर खोचला आणि भिंतीला पाठ लावून जेवायला बसल्यासारखी बसली. आप्पारावानं पुटपुटत पायातलं पायताण काढलं आणि बहिणीच्या शेजारी टेकला. बंकट गल्लीतून रिकाम्या हातांनी परत येत होता. अंगणाच्या तोंडाशी तो थांबला आणि तिथंच उभा राहिला.

छबुबाईनं पानं मांडली. रागाच्या भरात वाढताना पोळी दुमडली. दीर गेला होता, माफीचं काय होईल ते कुणाला माहीत नव्हतं, नवरा तिच्याशी बोलत नव्हता. विमलबाईनं पहिला घास तोडला, सावकाश चावला आणि मान वर केली.

"इहीणबाई, गोडाबरुबर तोंडी लावायला मिरची हाय का? का तीबी शेजारची?"

"घरची हाय," छबुबाई म्हणाली. "पर लई तिखट हाय."

"असू द्या," विमलबाई म्हणाली. "आमची पोरबी तसलीच हाय."